मिलोसवर क्वाड भाड्याने घ्यायची आहे: परवाना, इंजिन, रस्ते याबद्दल सल्ला हवा

दगडफूल:
मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नवराबायको ग्रीसला निघालोय. अथेन्सनंतर चार रात्री मिलोस, मुक्काम आडामास बंदराजवळ. बेटावर फिरायला क्वाड बाईक (हँडलची, चार चाकांची उघडी गाडी) घ्यावी असा विचार आहे. माझ्याकडे फक्त गिअरच्या दुचाकीचा परवाना आहे, बायकोकडे दुचाकी आणि चारचाकी दोन्हींचा. विचारायचं ते असं: कोणता परवाना चालतो? दोघांसाठी किती सीसीची गाडी घ्यावी? कुठले रस्ते क्वाडने करण्यासारखे आहेत आणि कुठे जाऊ नये? आणि विम्यात नेमकं काय बघायचं? स्कूटर वर्षानुवर्षं चालवतोय, क्वाडला मात्र दोघांनीही हात लावलेला नाही.

अथेन्सकर:
आधी परवाना, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ग्रीसमध्ये क्वाडला चारचाकीचा, म्हणजे बी वर्गाचा परवाना लागतो. भारतीय परवान्यावर एलएमव्ही (हलकी चारचाकी) असेल तरच आंतरराष्ट्रीय परवान्यात बीच्या रकान्यावर शिक्का बसतो. नुसतं एमसीडब्ल्यूजी (गिअरची दुचाकी) असेल तर एचा शिक्का मिळतो. त्यावर स्कूटर मिळेल, क्वाड नाही. म्हणजे क्वाड चालवणार त्या वहिनी, आणि तुम्ही मागे बसणार. करारात ज्याचं नाव, त्यानेच हँडल धरायचं. "जरा मोकळ्या रस्त्यावर मी घेतो" हे करू नका. त्या वेळी काही झालं तर विमा कंपनी एक युरोही देणार नाही, आणि ग्रीक कायद्याने तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा धरला जाईल.

आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यायचा. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४ए, शुल्क १००० रुपये, सोबत पासपोर्टची प्रत. मुदत एक वर्ष. पूर्वी व्हिसाची प्रतही लागायची, ती अट २०२१ मध्ये काढली. शेंगेन (युरोपचा) व्हिसा कधी कधी अगदी शेवटच्या आठवड्यात हातात पडतो, त्याची वाट न बघता अर्ज करा. इंटरनेटवर काही संकेतस्थळं डॉलरमध्ये पैसे घेऊन 'आंतरराष्ट्रीय परवाना' घरपोच देतात. ती निव्वळ छापील पुस्तिका असते, तिला कायद्याने काही किंमत नाही. आरटीओने दिलेलाच हवा. आणि तो मूळ परवान्यासोबतच चालतो, तेव्हा प्लास्टिकचं कार्ड खिशात ठेवा. मोबाईलवरचा डिजिलॉकर तिथे कोणी धरत नाही.

अजून एक बारकावा. बरेच भाडेवाले परवाना किमान एक वर्ष जुना मागतात, आणि वयाची अट २१ किंवा २३ ठेवतात. भारतीय कार्डावर प्रत्येक वर्गाची तारीख वेगळी असते. ते एलएमव्हीसमोरची तारीख बघतात, दुचाकीची नाही.

दगडफूल:
धन्यवाद. बायकोचं एलएमव्ही दहा वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे तिथे अडचण नाही. मी आता चारचाकीचा परवाना जोडून घेतला तर?

अथेन्सकर:
लर्नर काढल्यापासून ३० दिवसांनंतरच चाचणी देता येते, त्यानंतर कार्ड, त्यानंतर आंतरराष्ट्रीय परवाना. दोन महिने सहज जातात. आणि एवढं करूनही एक वर्षाची अट आडवी येईलच. या सहलीपुरतं वहिनींवर सोपवा.

नटबोल्ट:
इंजिनाबद्दल लिहितो. दोन माणसं असतील तर १५० सीसी घेऊ नका. सपाटीवर ती चालते, पण आडामासहून टेकडीवरच्या प्लाका गावाचा चढ दोघांना घेऊन चढताना वेग पंचवीस-तीसवर येतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. आपल्याला घाई नसली तरी मागचा माणूस वळणावर ओव्हरटेक करू बघतो, खरा धोका तो. २५० ते ३०० सीसी हे दोघांसाठी योग्य माप. ४५० किंवा ५२० ची गाडी घेऊन काही बिघडत नाही, पण ती अंगाने मोठी आणि जड असते. किनाऱ्यावरच्या क्लिमा गावाच्या उतारावर पार्किंगमध्ये वळवताना नवख्या माणसाला झेपत नाही.

आता चालवण्याचं. स्कूटरची सवय असणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण स्कूटरचं शरीर जे शिकलेलं असतं तेच क्वाडवर घात करतं.

स्कूटर वळणात आपण कलंडवतो. क्वाड कलंडत नाही. तिला चार चाकं आहेत, हँडल कारसारखं फिरवावं लागतं आणि वेगात फिरवलं तर आतलं चाक उचलतं. उपाय एकच: वळणाच्या आधी वेग कमी करा आणि शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. मागच्या माणसानेही त्याच बाजूला झुकायचं. लहान क्वाडचा मागचा आस (अॅक्सल) अखंड असतो, त्याला डिफरन्शियल नसतो. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात, त्यामुळे डांबरावर तीव्र वळणात गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते. हँडल फिरवूनही ती वळत नाही असं वाटेल. घाबरून अजून फिरवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, भार आत टाका, वळेल.

अॅक्सिलरेटर उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा असतो, मूठ पिळायची नसते. खाचखळग्यात हात घट्ट आवळला की अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी पुढे उसळते. अंगठा हलका ठेवा, बाकीची चार बोटं घट्ट. एक-दोन तासांनी अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मध्ये थांबा.

पाय कधीही खाली टेकवू नका. स्कूटर थांबताना पाय आपोआप बाहेर येतो. क्वाडवर तो मागच्या चाकाखाली जातो. पावलं फूटबोर्डवरच.

उतारावर: या गाड्यांत सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, गिअर न बदलावी लागणारी यंत्रणा) आणि सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाच्या वेगानुसार आपोआप धरणारा-सुटणारा) असतो. वेग खूप कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक नाहीसा होतो, गाडी मोकळी धावू लागते. म्हणून उतारावर वेग अगदी शून्याकडे नेऊन मग सोडून देऊ नका. बेताचा वेग धरून पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक थोडा थोडा लावत राहा. खडीवर पुढचा ब्रेक एकदम ओढला तर पुढची चाकं घसरतात आणि हँडलचा काही उपयोग राहत नाही.

याच कारणाने, उतारावर लावताना गिअरमध्ये ठेवून ती थांबत नाही. पार्किंग ब्रेकची कडी लावायची, पुढची चाकं कठड्याकडे वळवायची आणि शक्य तर चाकामागे दगड ठेवायचा.

कार्यालयातून निघण्याआधी मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं द्या: सुरू करणं (ब्रेक धरून बटण), रिव्हर्स (बहुतेक गाड्यांत ब्रेक आणि एक वेगळं बटण किंवा लिव्हर एकत्र), आठाचा आकडा दोन्ही बाजूंनी, आणि एकदा जोरात थांबणं. मागचा माणूस बसवूनही एकदा करा, फरक मोठा पडतो.

समुद्रपक्षी:
एवढं सगळं करण्यापेक्षा छोटी कार घ्या असं मला मनापासून वाटतं. एसी मिळतो, सामान बसतं, वारा लागत नाही, आणि सप्टेंबरमध्ये भाड्यात फार फरक राहत नाही.

नटबोल्ट:
मोठं कुटुंब असेल, पाठीचं दुखणं असेल, रात्री उशिरा फिरायचं असेल, तर कारच. मी ते नाकारत नाही. पण मिलोसचे किनाऱ्यावरचे पार्किंग लहान आणि खडबडीत आहेत. साराकिनिको, मांद्राकिया, फिरोपोतामोस, क्लिमा, चारही ठिकाणी कार लावायला जागा शोधत फिरावं लागतं आणि क्वाड कोपऱ्यात बसते. बेट सुमारे १५० चौरस किमी, त्यातला फिरण्याजोगा भाग पूर्वेकडचा अर्धा. एवढ्या अंतरांना क्वाड पुरते. नाक्सोसला मात्र मीही कारच सांगेन. ते बेट ४३० चौरस किमीचं, मध्ये हजार मीटरचा डोंगर. सांतोरिनीला क्वाड नकोच, तिथे मुख्य रस्त्यावर बस आणि ट्रकची गर्दी असते. पारोसला मध्यम क्वाड छान.

पायवाट:
रस्ते आणि वारा मी घेते. मिलोसवर दिवस वाऱ्याप्रमाणे आखायचा, यादीप्रमाणे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात वाहतो. सप्टेंबरमध्ये तो नरमतो, पण दोन-तीन दिवस सलग जोर धरू शकतो. उत्तरेचा वारा असेल तेव्हा उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे साराकिनिको, मांद्राकिया, फिरोपोतामोस, पोलोनिया इथे लाटा फुटतात आणि दक्षिणेला, फिरिप्लाका, त्सिग्रादो, पालिओहोरी, प्रोवातास, आगिया किरियाकी इथे पाणी शांत असतं. दक्षिणेचा वारा आला की उलट. रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज बघा. ५ बोफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) वर उत्तरेचा वारा असेल तर सरळ दक्षिणेला जा.

क्वाडवर याचं वेगळंच महत्त्व आहे. मोकळ्या कड्यावर आडवा वारा शरीराला ढकलतो आणि हँडलमार्फत गाडीलाही. ६-७ बोफोर्टला तासाला तीसच्या वर जाऊ नका आणि दोन्ही हात हँडलवरच. धूळ डोळ्यांत जाते, म्हणून हेल्मेट काचेचं मागा. उघडं मिळालं तर स्वतःचा चष्मा किंवा गॉगल हवाच.

आडामासहून अंतरं अशी: प्लाका ४-५ किमी, साराकिनिको सुमारे ५, पोलोनिया सुमारे ११, पालिओहोरी सुमारे ११, फिरिप्लाका ८-९.

पहिला दिवस वारा नसेल तर: सकाळी साडेआठच्या आत साराकिनिको. पांढऱ्या ज्वालामुखी खडकावर सावलीचं नाव नाही. दहानंतर खडक ऊन परत फेकतो आणि गर्दी होते. पार्किंगपासून पाचेक मिनिटांची पायवाट. तिथून मांद्राकिया, मग फिरोपोतामोस. फिरोपोतामोसचा शेवटचा उतार तीव्र आणि अरुंद आहे, वरच थांबून समोरून गाडी येतेय का ते बघा. त्यानंतर त्रिपितीला कॅटाकोम्ब (जमिनीखालची प्राचीन दफनभूमी) आणि प्राचीन रंगमंच (वेळा आधी बघा, ते दुपारी लवकर बंद होतं). दुपारी विश्रांती. संध्याकाळी क्लिमा, आणि सूर्यास्ताला प्लाकाचं कास्त्रो (जुना किल्ला). सप्टेंबरच्या मध्यात सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होतो. सध्या पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात असलेला व्हीनसचा पुतळा १८२० मध्ये याच रंगमंचाजवळ सापडला. जागेवर पाटी आहे, वाटेतच पडते.

प्लाकाच्या गल्ल्यांत गाडी नेता येत नाही. गावाच्या तोंडाशी लावा. मोबाईलचा नकाशा कधी कधी पायऱ्यांच्या गल्लीतून रस्ता दाखवतो, त्याचं ऐकू नका.

दुसरा दिवस दक्षिण: पालिओहोरी सगळा डांबरी रस्ता. तिथे वाळूखाली भूगर्भाची उष्णता आहे, पाण्याच्या कडेला काही जागी पाय भाजतील इतकी, चपला ठेवा. परतताना आगिया किरियाकी, मग फिरिप्लाका. फिरिप्लाकाच्या शेवटच्या टप्प्यावर कच्चा रस्ता लागतो, वाटेत घट्ट सारवल्यासारखा आणि मध्येच सैल खडी. हळू गेलात तर क्वाडला काही होत नाही. त्सिग्रादोला खाली उतरायचं तर कड्याच्या चिरेतून दोर आणि शिडीने. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा. एका वेळी एकच माणूस चढू-उतरू शकतो, त्यामुळे दुपारी खोळंबा होतो.

कुठे जाऊ नये: बेटाचा पश्चिम भाग. भाडेवाल्यांच्या करारात तो बहुधा नावाने वर्ज्य असतो, कारण रस्ते कच्चे, चढ-उतार तीव्र, मोबाईलची रेंज तुटक, आणि गाडी बंद पडली तर ओढून आणायला अर्धा दिवस जातो. तिथे जायचं ते क्लेफ्तिकोच्या समुद्रगुहांसाठी, आणि क्लेफ्तिको बोटीनेच बघावं. आडामासहून दिवसभराच्या बोटी सुटतात. आणखी एक मोह: पूर्वेकडच्या बंद पडलेल्या गंधकाच्या खाणीचा, थिओरिहियाचा रस्ता. जागा बघण्यासारखीच आहे, पण रस्ता कच्चा आणि तीव्र. करारात 'फक्त डांबरी रस्ते' लिहिलं असेल तर तिथे पंक्चर झालं तरी खर्च तुमचा.

मिलोसवर बेंटोनाइट आणि पर्लाइटच्या खाणी आजही चालू आहेत. पूर्वेकडच्या रस्त्यांवर जड ट्रक येतात. त्यांच्या मागे लागू नका, पांढऱ्या धुळीत पुढचं काही दिसत नाही. थांबून दोन मिनिटं जाऊ द्या.

दगडफूल:
हे फार मोलाचं आहे. उजव्या बाजूने चालवणं हा दोघांसाठीही नवा प्रकार. काही युक्ती?

पायवाट:
चूक सरळ रस्त्यावर होत नाही. ती होते थांबून पुन्हा निघताना: पंप, किनाऱ्याचा पार्किंग, रिकामा चौक. म्हणून दर वेळी निघताना मागच्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्यांना आडवं जायचं असतं, तिथे पूर्ण थांबा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे. मागे गाडी आली तर वेग वाढवू नका. डांबराची रुंद कड मिळाली की बाजूला घ्या आणि तिला जाऊ द्या, पण सैल खडीवर उतरू नका.

मीरा_एच:
विमा आणि कागदपत्रांचं.

भाड्यात तिसऱ्या पक्षाचा (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा असतोच. गाडीच्या नुकसानीचा वेगळा. त्यात साधारणपणे टायर, रिम, आरसे, खालची बाजू आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान वगळलेलं असतं. 'संपूर्ण विमा' असं तोंडी सांगितलं तरी वगळलेल्या गोष्टींची ओळ शोधून वाचा, आणि तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तो आकडा विचारा.

अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्डवर रक्कम अडकवून ठेवायला बरेच जण नकार देतात. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून मर्यादा वाढवून ठेवा.

तुमचा प्रवास विमा हा वेगळा विषय. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण कित्येक भारतीय पॉलिसींत दुचाकी, क्वाड किंवा 'साहसी खेळ' वगळलेले असतात. कंपनीला ईमेल करून "भाड्याची क्वाड बाईक, वैध परवाना, हेल्मेट घालून" असं स्पष्ट लिहून लेखी उत्तर घ्या. मिलोसला आरोग्य केंद्र प्लाकाला आहे. गंभीर दुखापत झाली तर अथेन्सला न्यावं लागतं, म्हणून वैद्यकीय स्थलांतराचा खर्च पॉलिसीत हवाच.

गाडी ताब्यात घेताना मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या: चारही मडगार्ड, चारही रिम आणि टायर, आरसे, इंडिकेटर, सीट, खालची बाजू, इंधनाचा काटा, किलोमीटर. भाडेवाल्याच्या माणसालाही चित्रात येऊ द्या. विम्याचा आणि नोंदणीचा कागद सीटखाली आहे ना ते बघा.

अपघात झाला तर: गाडी हलवू नका, ११२ वर फोन (पोलीस १००, रुग्णवाहिका १६६), मग भाडेवाल्याला. पोलिसांचा अहवाल नसेल तर विमा नाकारला जातो, किरकोळ धडक असली तरी. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे आणि दंड शेकडो युरोंचा. दारूचं सांगायचं तर एक ग्लासही नको.

गच्ची_वरून:
आमच्यासोबत आठ वर्षांचा मुलगा असेल. मध्ये बसवता येईल का?

नटबोल्ट:
नाही. क्वाडवर चालक आणि एकच प्रवासी, जास्त कोणी नाही. त्याला एकट्याला मागे बसवलं तर पाय फूटबोर्डपर्यंत पोहोचत नाहीत आणि वळणात झुकण्याइतकं वजनही नसतं. उसळीबरोबर तो मागे फेकला जाईल. कार घ्या.

दगडफूल:
टायरच्या हवेबद्दल काही? आणि बिघाड कुठले होतात?

नटबोल्ट:
क्वाडच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, आकडा एक अंकी पीएसआय असू शकतो. मडगार्डवर किंवा चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. पंपावर सवयीने ३० भरू नका. टायर चेंडूसारखा उडतो आणि पकड जाते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी डाव्या-उजव्या टायरची हवा सारखी आहे का ते तपासून घ्या.

नेहमीचे बिघाड तीन. पहिला, बॅटरी: किल्ली 'ऑन'वर राहते, दिवा जळत राहतो, तीन तासांच्या पोहण्यानंतर गाडी मेलेली. किल्ली काढून खिशात टाकायची सवय लावा. दुसरा, सीव्हीटीचा पट्टा तापणं: लांब चढावर दोघांना घेऊन अगदी हळू चढलं की जळक्या रबराचा वास येतो. थांबा, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं पंख्याची हवा लागू द्या. तरी वास येत असेल तर बंद करून भाडेवाल्याला फोन. तिसरा, गाडी सुरूच होत नाही: दहांत नऊ वेळा हँडलवरचं लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चुकून दाबलेलं असतं किंवा ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो.

आणि सायलेन्सर. तो कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा आणि मागच्याने दुसऱ्या बाजूनेच चढा-उतरा. उघड्या पोटरीला चटका बसला तर अख्खी सहल पाण्यात न उतरता काढावी लागते. हाफपँट घालणारच असाल तर निदान बंद बूट घाला.

अथेन्सकर:
इंधनाचं राहिलं. पेट्रोल मागताना 'अमोलिव्दी' म्हणा, म्हणजे शिसेविरहित ९५. पंपावर कर्मचारीच भरतो. बेटांवर दर मुख्य भूमीपेक्षा जास्त असतो, लिटरला दोन युरोंच्या आसपास धरा. ३०० सीसीची क्वाड दोघांना घेऊन १०० किमीला ५ ते ७ लिटर खाते. पंप आडामास-त्रिओवासालोसच्या बाजूला आहेत, संध्याकाळी बंद होतात. दक्षिणेला निघण्याआधी भरून घ्या, आणि परत करताना जितकं मिळालं होतं तितकंच भरा, जास्त भरलेलं कोणी परत देत नाही.

भाडं सप्टेंबरच्या मध्यात ऑगस्टपेक्षा बरंच उतरतं. २५०-३०० सीसीसाठी दिवसाला ३५ ते ५५ युरो धरून चला. सलग दिवसांना घासाघीस होते, थेट ईमेल करून विचारा.

दगडफूल:
शेवटचा प्रश्न. पोलोनियाहून शेजारच्या किमोलोस बेटावर जाताना क्वाड फेरीत न्यायची का? आणि निघायच्या दिवशी बंदरापर्यंत सामान कसं न्यायचं?

पायवाट:
गाडी बेटाबाहेर न्यायला करारात लेखी परवानगी लागते, ती क्वचित मिळते. आणि गरजही नाही. पोलोनियाहून किमोलोसच्या प्साथी धक्क्यापर्यंत अर्ध्या तासाची फेरी आहे, आणि वरचं होरिओ गाव चालत किंवा स्थानिक बसने होतं. क्वाड पोलोनियाला धक्क्यापासून थोडी दूर, सावलीत लावा. सीट उन्हात तापली तर परतताना बसवत नाही. वर एक टॉवेल टाकून जा.

सामानाचं: क्वाडवर सुटकेस बांधू नका, पुढच्या कॅरिअरवरचं वजन हँडल जड करतं आणि पुढची चाकं खडीवर घसरतात. मुक्काम आडामासलाच आहे, तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळी परत करा. त्या वेळी उजेडात नीट बघून घेता येतं, दोघांचे व्हिडिओ जुळवता येतात आणि अनामत रक्कम सोडल्याची पावती हातात मिळते. पहाटेच्या फेरीच्या आधी अंधारात गाडी परत देऊ नका. त्या घाईत ओरखडा कोणाचा हे ठरवायला कोणीही थांबत नाही.